हातभर जागा

माझ्या नवऱ्याला मुंबईत पहिल्यांदा ऐसपैस झोपायला जागा मिळाली आणि तिथूनच तो झिजायला लागला.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. राजाराम. साठ सालच्या मे महिन्यात देवाच्या तसबिरीसमोर उभा राहून तो जे बोलला, त्यानंतर मी नाव घेतल्याने त्याचं आयुष्य कमी होईल अशी भीती मला उरलेली नाही. उलट तो चांगला धडधाकट आहे.

लालबागला आमच्या गावकरी मंडळाची एक खोली होती. दिवसपाळी आणि रातपाळी मिळून तीसेक माणसं त्या एका खोलीत राहायची. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना सदरे, खाली ट्रंका आणि वळकट्या, समोरच्या भिंतीवर रवळनाथाची तसबीर. झोपायचं ते कुशीवर. एकाने कूस बदलली की ओळीतल्या सगळ्यांनी बदलायची. कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीत, कुणाचा गुडघा कुणाच्या पाठीत, आणि तरी सगळे मेल्यासारखे झोपायचे. राजाराम मे महिन्यात गावी यायचा तेव्हा त्याला आमच्या पडवीत झोप लागत नसे. शेजारची पोरं बोलावून दोन्ही बाजूंना झोपवायचा. मी चिडवायचे, तर म्हणायचा, "माका माणसाचो वास लागता गो, नायतर रात खावक येता." मला मात्र मी माणसांत मोजली जात नाही याचं हसू यायचं. खरं सांगायचं तर हसू नव्हतं ते.

असा हा माणसाळलेला माणूस. रस्त्याने जाताना ओळख नसलेल्याला 'जेवलास?' विचारणारा. आवाज तर असा की मंडळाचं गाऱ्हाणं तोच घालायचा. आमच्याकडे देवासमोर सगळ्यांच्या वतीने एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. राजारामाने ओळ टाकली की तीस गळ्यांतून होकार उठायचा आणि चाळीचा जिना हादरायचा. त्याला त्याची चटक होती. दारूची असते तशी.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून माणसं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, धरपकड झाली. त्यात राजारामही पकडला गेला. तुरुंगात त्याच्या शेजारी त्याच्याच गिरणीतला गुणाजी होता. नायगावच्या चाळीत राहणारा, तिथेच जन्मलेला. दोघांची ओळख गिरणीत नव्हती, कारण राजाराम साचेखात्यात कापड विणायचा आणि गुणाजी रिंगखात्यात सूत काढायचा. ती ओळख तुरुंगात झाली. दोघे एका ताटात जेवले, एका कांबळ्याखाली झोपले. सुटून आले तेव्हा मंडळाने ढोल लावून दोघांना हार घातले. राजारामाला खोलीत घातला आणि गुणाजीला उंबऱ्याबाहेर. हे त्या गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. गुणाजीच्या बायकोच्या, शेवंतीच्या, आलं होतं. तिने ते मला फार नंतर सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता.

त्याच वर्षी दसऱ्याला गुणाजीचं घर नागपूरला जाऊन बौद्ध झालं. त्याने घरातले देव काढले, मंडळींनी डोक्यातला गुणाजी मात्र होता तिथेच ठेवला.

आता धोट्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरून झालं. मागावर, म्हणजे गिरणीच्या भाषेत साच्यावर, धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी भरायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते हाताने पटकन निघत नाही. विणकर धोटा ओठांना लावतो आणि श्वास आत ओढून सूत खेचतो. दिवसपाळीवाला त्याच धोट्याला तोंड लावतो आणि रातपाळीवालाही. म्हणजे साचेखात्यात सगळ्यांची थुंकी एक. म्हणून गुणाजीच्या लोकांना त्या खात्यात घ्यायचं नाही असा रिवाज. कुठे लिहिलेला नव्हता, पण भोंग्यापेक्षा जास्त पाळला जायचा. साच्यावर पगार जास्त, तो असा थुंकीने राखलेला.

गुणाजीने तुरुंगात राजारामाला म्हटलं होतं, "मला साचा शिकव." हा भला माणूस, हो म्हणाला. अठ्ठावन्न साली एका दुपारच्या सुट्टीत त्याने गुणाजीला आपल्या साच्यापाशी उभं केलं, कांडी भरून दिली आणि धोटा तोंडाला लावायला लावला. गुणाजीने सूत ओढलं. ते अर्ध्यात तुटलं, तर राजारामाने तोच धोटा घेऊन पुन्हा आपल्या तोंडाला लावला आणि टोक काढून दाखवलं. एवढंच. पलीकडच्या साच्यावर रामदास डबा खात होता, त्याने बघितलं.

रामदास आमच्या मंडळाचा चिटणीस. संयुक्त महाराष्ट्र समितीचाही कार्यकर्ता होता. कोपऱ्याकोपऱ्यावर भाषणं करायचा की मराठी माणूस एक झाला तर दिल्लीची काय टाप आहे. बोलायचा छान. त्याच संध्याकाळी त्याने खोलीत बैठक घेतली. तिथे काय झालं ते मला राजारामानेच सांगितलं.

"देवासमोर नारळ ठेव नि चुकलंय म्हण," रामदास म्हणाला. "मगे कोण काय बोलाचो नाय."

"तुरुंगात आम्ही एका ताटात जेवलंव, तेवा हार घातलास," राजाराम म्हणाला. "आता खयचा चुकला?"

"तुरुंगातला वेगळा. थंय सरकार वाढी होता. हंय तू आपल्या हातान धोटो दिलंस."

राजाराम नारळ ठेवायला तयार झाला नाही. मी त्या दिवसाचा राजाराम आठवते आणि अजून मला त्याचा अभिमान वाटतो. एवढाच तुकडा आहे माझ्याकडे, म्हणून जपून ठेवलाय.

मंडळाने त्याला वाळीत टाकलं. खोलीतून काढलं नाही. काढलं असतं तर कुठेतरी दुसऱ्या गर्दीत जाऊन पडला असता, पण मंडळी शहाणी. त्याच्याशी बोलायचं नाही, विडी द्यायची नाही, त्याच्या ताटाला ताट लावायचं नाही. आणि झोपताना त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडायची. त्या हातभर जागेसाठी बाकीचे अजून चेंगरून झोपायचे, पण सोडायचे. राजाराम मधे. आता कूस हवी तेव्हा बदलता येत होती.

मंडळ म्हणजेच गाव, त्यामुळे हुकूम आमच्या वाडीतही आला. विहिरीवर मी गेले की बायका कळश्या उचलायच्या. माझं मूल नाही, सासू-सासरे गेलेले, त्यामुळे संध्याकाळ झाली की घरात माझ्याशी बोलायला मांजरसुद्धा नसायचं. पण मी वाळले नाही. मला रागाची सोबत होती. सकाळी उठून मी एकेकीला मनातल्या मनात शिव्या घालायचे, चुलीशी भांडायचे आणि दोन भाकऱ्या जास्त खायचे. राजारामाला राग धरताच यायचा नाही, आणि त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. पलीकडच्या गावचा एक जण सुट्टीवर आला होता, तो म्हणाला, "वयनी, जावन बघा एकदा. राजाराम सुकलो." मी गाय भावाकडे नेऊन बांधली आणि बोटीत बसले.

भाऊच्या धक्क्यावर तो मला घ्यायला आला होता. मी त्याच्या अंगावरून पुढे गेले. सदरा ओळखीचा वाटला म्हणून मागे वळून बघितलं.

खोलीत बायकांना जागा नव्हती. खाली तळमजल्यावर सुंदराबाईची खानावळ होती. सुंदराबाई देवगडकडची विधवा, तोंडाने फटकळ. तिने मला भाकऱ्या थापायला ठेवलं, रात्री स्वयंपाकघरात पडायला जागा दिली. आमच्या मंडळाचा हुकूम तिला लागू नव्हता, पण तिची सगळी गिऱ्हाईकं आमच्याच गावची. त्यामुळे राजारामाचं ताट ती सगळे उठून गेल्यावर मांडायची. "मी वाढतंय ना त्याका?" ती मला म्हणाली. "उपाशी ठेवलाय काय?" नव्हतं ठेवलं. ताट भरलेलं असायचं. माशाची तुकडी इतरांपेक्षा मोठीच. तो ताटाकडे बघत बसायचा, दोन घास खायचा आणि घोटभर पाणी घेऊन उठायचा.

खाल्लेलंही त्याच्या अंगी लागत नव्हतं. हात कापायचे. गिरणीत सूत तुटायचं, कापडाला डाग पडायचे. रात्री डोळा लागायचा नाही, दिवसा साच्यासमोर उभ्या उभ्या लागायचा. मला सगळ्यात धडकी भरली ती दुसऱ्याच गोष्टीची. एकदा दुपारी तो पायरीवर बसून काहीतरी पुटपुटत होता. मी जवळ गेले तर गाऱ्हाणं घालत होता. ओळ म्हणायचा, थांबायचा आणि मग बारीक आवाजात आपणच म्हणायचा, व्हय म्हाराजा.

मी त्याला परळला मोठ्या इस्पितळात नेलं. छातीचा फोटो काढला. क्षय असेल अशी माझी खात्री होती. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. फोटो उजेडासमोर धरून म्हणाला, "छाती स्वच्छ आहे. काही नाही यांना." मग त्याने विचारलं, "एकटे राहतात का?"

"तीस माणसां आसत खोलीत," राजाराम म्हणाला.

"मग छान आहे की," डॉक्टर म्हणाला आणि त्याने ताकदीचं औषध लिहून दिलं.

त्या औषधाची बाटली अर्धी झाली तेव्हा गुणाजी आला. रिंगखात्यात कुणीतरी त्याला सांगितलं होतं की राजाराम साच्यापाशी चक्कर येऊन पडला. आला आणि पायरीवर बसलेल्या राजारामाला त्याने खांद्याला धरून उठवलं. कित्येक महिन्यांत त्याला कुणी हात लावलेला नव्हता. राजाराम रडायला लागला. भर चाळीत, बायका नळावर असताना, लहान पोरासारखा.

"वहिनी, याला मी नायगावला नेतो," गुणाजी म्हणाला. "आमच्या पोरांच्या गोंगाटात पडू दे चार दिवस."

चार दिवसांचे महिने झाले. राजाराम पाळी सुटली की नायगावला जायचा, तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा. गुणाजीची खोली आमच्या खोलीपेक्षा लहान. नवरा-बायको, चार पोरं आणि गुणाजीची म्हातारी आई, सुभद्राबाई. तिला मोतीबिंदू झाला होता, समोरचा माणूस तिला सावलीसारखा दिसायचा. राजाराम तिच्या आणि भिंतीच्या मधे झोपायचा आणि पोरांचे पाय त्याच्या पोटावर असायचे. पहिल्याच रात्री तो सकाळपर्यंत झोपला, असं शेवंतीने सांगितलं. गिरणीचा भोंगा झाला तरी उठला नाही, खाडा पडला.

मी रविवारी जायचे. पहिल्या दिवशी शेवंतीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि माझा हात अडखळला. पिढ्यान्‌पिढ्यांचं वळण, ते काय बोटीतून उतरल्यावर धक्क्यावर राहतं? शेवंतीने बघितलं. "प्या नाहीतर राहू द्या," ती म्हणाली. "आम्हाला दोन्हीची सवय आहे." मला माझी लाज वाटली आणि तिचा रागही आला. मी तांब्या रिकामा केला. पुढे त्या घरात मी जेवले, झोपले, शेवंतीशी भांडलेसुद्धा. मुंबईत माझी म्हणावी अशी तीच एक बाई.

राजारामाचं अंग भरायला लागलं. गाल वर आले, हातांचं कापणं थांबलं. पण त्याच्याइतकीच तब्येत म्हातारीची सुधारली. थोरला मुलगा गेल्यापासून सुभद्राबाईंचं जेवण तुटलं होतं. घरातले पाळ्यांप्रमाणे जेवायचे, पोरं शाळेच्या वेळेप्रमाणे, त्यामुळे म्हातारीचं ताट एकटीचं. राजाराम आला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसायला लागला. तिला दिसत नाही म्हणून तिचं बोट धरून ताटातलं एकेक दाखवायचा. "आये, हंय भाजी. हंय चटणी, सांबाळून, तिखट आसा." ती हसायची, त्याचं मालवणी तिला गंमतीचं वाटायचं. गावाकडच्या गोष्टी सांगायची, त्याच्या डोक्याला तेल चोळायची आणि बोलता बोलता अख्खी भाकरी खायची. शेवंती म्हणायची, "आमच्या हातचं तेच पीठ, तेच मीठ. तुमच्या माणसाने काय जादू केली कोण जाणे."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. मी देव असते तर इथेच संपवली असती.

सोमवारी आमच्या खोलीत भजन असायचं. एका सोमवारी मी खानावळीच्या दारातून बघितलं, तर राजाराम समोरच्या पानवाल्याच्या बाजूला उभा. त्याची नजर वर आमच्या खिडकीकडे होती. भजन संपेपर्यंत उभा राहिला आणि नायगावला निघून गेला. पुढच्या सोमवारी पुन्हा आला. रस्त्यात गावचा कुणी दिसला की तो चालता चालता थांबायचा आणि चेहरा असा करायचा की मला त्याला थप्पड मारावीशी वाटायची. समोरचा मान वळवून निघून जायचा.

गुणाजीच्याही हे ध्यानात आलं होतं. एकदा राजाराम बाहेर गेला असताना तो मला म्हणाला, "वहिनी, माझ्या घरात त्याचं पोट भरतं, झोप होते. पण तो इथे पाहुणा म्हणून राहतोय. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला उपकार म्हणतो. मनातल्या मनात."

"तसा काय नाय," मी म्हटलं. मला दुसरं काय म्हणता येणार होतं?

साठ साली एप्रिलमध्ये महाराष्ट्र होणार हे पक्कं झालं. सगळा लालबाग वेडा झाला. एक मे रोजी मंडळाच्या खोलीत पूजा आणि गाऱ्हाणं ठरलं. राजारामाच्या जागी एक म्हातारा गाऱ्हाणं घालायचा, तो मधेच खोकायचा आणि ओळी विसरायचा. असल्या दिवशी तसलं गाऱ्हाणं कसं चालेल? रामदास खानावळीत आला. राजाराम त्या दिवशी मला भेटायला आला होता आणि पाटावर एकटाच बसला होता. रामदास त्याच्या शेजारी बसला. अगदी गुडघ्याला गुडघा लावून. मी आतून बघत होते. राजारामाचं सगळं अंग शहारलं.

"झाला ता झाला," रामदास म्हणाला. "म्हाराष्ट्र येता, नि तू भायर? बरा दिसाचा नाय. गाऱ्हाणा तूच घाल. फक्त त्यातच देवाक सांग, चुकलंय म्हणान. नि त्या घराक परत पाय लावचंय नाय म्हण. मगे तू आमचो."

रामदासाने विडी काढून त्याला दिली. त्याने घेतली.

रामदास गेल्यावर मी चुलीपुढून उठून आले. "जावचा नाय तुमी," मी म्हटलं. "गुणाजीन तुमका मरणातसून काढल्यान."

"म्हायत आसा माका."

"मगे?"

त्याने विडी कानावर खोचली. "कौसल्या, माका माणसा व्हयी," तो म्हणाला.

"गुणाजी माणूस न्हय? ती म्हातारी न्हय?"

"माझी माणसा," तो म्हणाला.

मी त्याला बोलले ते बोलले. गावाला जाऊ म्हटलं, तर म्हणाला गावातही मंडळच. भायखळ्याला दुसरी खोली घेऊ म्हटलं, तर म्हणाला दोघंच राहून काय करायचं. दोघंच. त्या एका शब्दात माझी किंमत कळली मला. म्हटलं, मग करा काय ते.

एक मेला गिरण्या बंद होत्या. सकाळपासून रस्त्यावर ढोल, पताका, गुलाल. खोलीत पुरुष दाटीवाटीने उभे, आम्ही बायका बाहेर गॅलरीत. राजाराम धुतलेलं धोतर नेसून तसबिरीसमोर उभा राहिला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि गुणाजी आला. हातात पेढ्यांचा पुडा. ज्याच्याबरोबर तुरुंगात गेलो त्याच्याबरोबर आजच्या दिवशी तोंड गोड करावं म्हणून आला होता, दुसरं काही नाही. राजारामाने त्याला काही सांगितलेलं नव्हतं. नायगावहून आदल्या दिवशी निघताना 'येतंय' एवढंच म्हणून आला होता. गॅलरीतल्या बायका बाजूला सरकल्या. गुणाजी माझ्या शेजारी उभा राहिला. त्याला हाताला धरून खाली न्यावं असं मनात आलं, पण राजारामाने तोंड उघडलं होतं.

"बा रवळनाथा, गावच्या राखणदारा! आज मुंबय आमची झाली, म्हाराष्ट्र झालो!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी लेकरा एक झाली. एक लेकरू तेवढा भायर रवला होता. तेना भलत्याच्या उष्ट्याक तोंड लायल्यान, भलत्या घरचा अन्न खाल्ल्यान."

"व्हय म्हाराजा!"

"ता तोंड आज तुझ्या तीर्थान धुतलंय. त्या उंबऱ्याक परत पाय लावचंय नाय. तुझ्या लेकरांत माका घे!"

"व्हय म्हाराजा!"

जिना हादरला. राजारामाचा आवाज पूर्वीपेक्षा भरदार होता. गुणाजीच्या घरच्या भाकरीवर पोसलेला. मी खाली मान घातली होती, गुणाजीकडे बघायची माझी छाती नव्हती. त्याने शेवटपर्यंत सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी," तो म्हणाला, "आवाज परत आला त्याचा."

आणि पुडा तसाच हातात धरून जिना उतरला. त्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. नव्हता बहुतेक. असता तर मला सोपं गेलं असतं.

राजाराम तीर्थ वाटत बाहेर आला तेव्हा मी त्याला सांगितलं. "गुणाजी इल्लो."

त्याचा हात थांबला. "ऐकल्यान?"

"सगळा ऐकल्यान."

तो कठड्याला टेकला. मला वाटलं आता तो जिना उतरेल, धावत जाईल, रस्त्यात गुणाजीचे पाय धरेल. आतून रामदासाची हाक आली, "राजाराम, पंगत बसली मरे, तुझ्यासाठी थांबलंव." तो आत गेला.

त्या रात्री त्याला झोप लागणार नाही, अशी माझी खात्री होती. खात्री कसली, तेवढीच आशा होती. वाटलं, माणूस आहे, तळमळेल, आणि त्याच्या तळमळीवर मी पुढचं आयुष्य काढीन. सकाळी मंडळी हसत खाली उतरली. राजाराम दोघांच्या मधे गाढ झोपला होता म्हणे, आणि त्याच्या घोरण्याने इतरांचीच झोप मोडली. शरीराला लाज नसते. त्याला ऊब दिली की ते झोपतं, कुणाची ते विचारत नाही.

मी महिनाभराने नायगावला गेले. दारातून शेवंतीने आत घेतलं नाही, तर परत जायचं असं ठरवूनच गेले होते. तिने आत घेतलं. चहा केला. राजारामाचा विषय काढला नाही. भिंतीशी सुभद्राबाई बसल्या होत्या. खांद्याची हाडं वर आली होती. माझा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "राजाराम आला का?"

"पाळी बदलली त्यांची, आई," शेवंती म्हणाली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हेच सांगते रोज. तिला काय सांगू? तुमच्या हातचं खाऊन बाटला म्हणाला, असं सांगू? तिने त्याच्या डोक्याला तेल चोळलंय."

"जेवतात का?"

"पाव भाकरी. त्याच्या वेळेला ताट घेऊन बसते आणि समोर हात फिरवून बघते कुणी बसलंय का. यांनी बसून बघितलं, पोरांनी बसून बघितलं. ओळखते ती. डॉक्टर म्हणाला, वय झालं."

मी परत आले तेव्हा खानावळीत दुपारची पंगत बसत होती. दोन रांगा, गुडघ्याला गुडघा लागलेला. राजाराम रामदासाच्या शेजारी. मानेला घडी पडली होती त्याच्या, चांगला गुटगुटीत दिसत होता. कसल्यातरी विनोदावर सगळे हसत होते. मी भाकरी वाढत त्याच्यापर्यंत आले आणि वाकून त्याच्या कानाशी म्हटलं, "म्हातारी जेवणा नाय. तुमची वाट बघता."

त्याचा घास हातात राहिला. डोळ्यांत पाणी आलं, हे मी नाकारणार नाही. तो पाटावरून थोडा उठलासुद्धा, पण दोन्ही बाजूंना माणसं खेटून बसलेली होती. त्यांना सरका म्हणावं लागलं असतं. कुठे चाललास ते सांगावं लागलं असतं.

"काय झाला रे?" रामदासाने विचारलं.

"काय नाय," राजाराम म्हणाला आणि खाली बसला. "तिखट लागला."

त्याने घास खाल्ला. मग ताट पुढे करून आणखी एक भाकरी मागितली आणि तीही संपवली. पाळीला अजून वेळ होता म्हणून मंडळींबरोबर वर जाऊन पडला. लगेच डोळा लागला म्हणे.